रोमन तांब्या-पितळेचीं नाणीं : त्यांची ओळख व त्यांचें मोल

रोमन साम्राज्याच्या हलक्या धातूंच्या नाण्यांचा अभ्यास करूं इच्छिणाऱ्यांपुढें आज मुख्यतः तीन ग्रंथ आहेत. पहिला आंरी कोहेन ह्या फ्रेंच पंडिताचा. त्याची पहिली आवृत्ति सन १८५९ ते १८६८ ह्या काळांत सात खंडांत निघाली व दुसरी, वाढविलेली आवृत्ति, सन १८८० ते १८९२ ह्या काळांत आठ खंडांत पुरी झाली. दुसरा मॅटिंगली व सिडनहॅम ह्या इंग्रज विद्वानांनीं सन १९२३ मध्यें आरंभिलेला 'रोमन इंपीरिअल कॉइनेज' हा ग्रंथ. त्याचा दहावा खंड सन १९९४ मध्यें बाहेर पडला. तिसरा डेव्हिड सीअर ह्यांचा 'रोमन कॉइन्स अँड देअर व्हॅल्यूज'. हा सन १९६४ मध्यें एका खंडांत निघाला आणि पुढें सन २००० ते २०१४ ह्या अवधींत त्याचे पांच मोठे खंड झाले. ह्या तिन्ही ग्रंथांची परीक्षा करण्याचें आम्हीं योजिलें आहे. परीक्षेचा मुद्दा एकच : नाणें ओळखणें आणि नाण्याचें मोल ठरविणें हीं दोन कामें कोणत्या क्रमानें व्हावीं, आणि हे ग्रंथ वाचकास तो क्रम शिकवितात काय?

प्रथम नांवाचा घोळ मिटविला पाहिजे. ह्या नाण्यांस सरसकट 'कांस्यनाणीं' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंतु ऑगस्टस ह्यानें ख्रिस्तपूर्व २३ च्या सुमारास जी व्यवस्था लाविली, तींत सेस्टर्शियस व द्युपोंडियस हीं नाणीं पिवळ्या पितळेचीं आणि आस हें नाणें तांबड्या तांब्याचें होतें. सेस्टर्शियसचें वजन सुमारें २५ ग्रॅम, द्युपोंडियसचें त्याच्या निम्में, आणि आसाचें सुमारें ११ ग्रॅम. दोन आसांचा एक द्युपोंडियस, चार आसांचा एक सेस्टर्शियस, चार सेस्टर्शियसांचा एक चांदीचा डिनेरियस आणि पंचवीस डिनेरियसांचा एक सोन्याचा ऑरियस, असा हा हिशेब होता. म्हणजे जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन नाण्यांपैकीं पिवळें तें तांबड्याच्या दुप्पट मोलाचें. पुढें पितळेंतील जस्ताचें प्रमाण उतरत गेलें, कथिल व शिसें वाढलें, आणि तिसऱ्या शतकांतील सेस्टर्शियस खरोखरच कांशाचा झाला. तेव्हां 'कांस्य' हा शब्द सोयीचा असला तरी त्यानें धातूचा इतिहासच झांकला जातो, हें संग्राहकानें ध्यानांत ठेवावें.

ह्या धातुभेदाचा ओळखीशीं निकट संबंध आहे. नीरोच्या वेळेपासून द्युपोंडियसावर सम्राटाच्या मस्तकीं किरणमुकुट व आसावर पर्णमुकुट किंवा उघडें मस्तक, अशी खूण बहुधा आढळते. सम्राज्ञींच्या नाण्यांवर मात्र ही खूण नसल्यामुळें तेथें रंग व वजन ह्यांवरच निर्वाह करावा लागतो. शतकानुशतकें मातींत राहिलेल्या नाण्यावर हिरवी वा काळी राप चढलेली असते व तिच्याखालीं पितळ कीं तांबें हें दिसत नाहीं. अशा वेळीं कडेला कानशीनें चरा पाडून पाहण्याचा मोह अनेकांस होतो. तो मोह आवरावा. तराजू हा कानशीपेक्षां सभ्य साक्षीदार आहे. त्याचा कौल निःसंदिग्ध नसला तर नाण्यापुढें दोन्ही शक्यता नोंदवून ठेवण्यांत कोणताहि कमीपणा नाहीं.

लेखाचें वाचन हा ओळखीचा दुसरा पाया. पहिल्या तीन शतकांतील बहुतेक मोठ्या नाण्यांच्या मागील बाजूस 'एस. सी.' हीं दोन अक्षरें असतात. त्यांचा अर्थ 'सेनेटच्या ठरावानें'. पुढील बाजूस सम्राटाचें नांव व पदव्या असतात, आणि ह्या पदव्याच नाण्याची तिथि सांगतात. उदाहरणार्थ, यहुदी प्रांत जिंकल्याचें स्मारक म्हणून व्हेस्पेशियननें जे सेस्टर्शियस पाडले, त्यांपैकीं ज्यांवर खजुराच्या झाडाखालीं शोक करीत बसलेली स्त्री दिसते व पुढील बाजूस तिसऱ्या कॉन्सलपदाचा उल्लेख आहे, ते इ. स. ७१ चे ठरतात. ट्रेजनच्या ज्या नाण्यांवर 'डेकिकस' ही पदवी व पांचवें कॉन्सलपद हीं दोन्ही येतात, तीं इ. स. १०३ ते १११ ह्या अवधींतील होत. कारण सहावें कॉन्सलपद त्यानें इ. स. ११२ मध्यें घेतलें. उलट, एका अक्षरानें केवढा घोटाळा होतो तोहि पाहावा. टायटस हा व्हेस्पेशियनचा पुत्र आपल्या नाण्यांवर बापाचेंच नांव लावितो. 'सीझर' शब्दापूर्वींचें 'टी' हें एकटें अक्षर घासून गेलें, तर पुत्राचें नाणें बापाच्या खात्यांत जमा होतें. कॅराकॅला व एलागाबालस हे दोघेहि नाण्यांवर अँटोनायनसच म्हणवितात. तेथें मुखवटा, पदव्या व मागील चित्र हीं तिन्ही जुळविल्यावांचून निर्णय देऊं नये.

आतां ग्रंथांकडे वळूं. कोहेनचा व्यासंग अफाट होता, ह्यांत संशय नाहीं. परंतु प्रत्येक सम्राटाचीं नाणीं त्यानें मागील बाजूच्या लेखाच्या वर्णानुक्रमानें लाविलीं. हातांतील नाण्याचा लेख वाचून पान उघडावें, इतकें हें सोयीचें आहे. पण ह्या सोयीपायीं राज्यारोहणाच्या वर्षाचें नाणें व मृत्यूच्या वर्षाचें नाणें शेजारीं बसलें आणि एकाच वर्षीं एकाच टांकसाळींत पाडलेलीं भावंडें निरनिराळ्या पानांवर विखुरलीं. एखाद्या दप्तरांतील कागद तारखेप्रमाणें न लावितां पत्राच्या मायन्यांतील पहिल्या अक्षराप्रमाणें लाविले तर शोधणाराची सोय होईल, परंतु राजकारण कळणार नाहीं. तोच प्रकार येथें झाला. शिवाय कोहेननें नाण्यांपुढें फ्रँकांत किंमती घातल्या. त्या किंमती केव्हांच शिळ्या झाल्या, परंतु नाण्याच्या वर्णनानंतर लागलीच किंमत वाचण्याची संवय मात्र त्यानें वाचकांस कायमची लाविली.

मॅटिंगली व सिडनहॅम ह्यांनीं ही मांडणी मोडून टांकसाळ व काळ ह्यांच्या अनुक्रमानें नाणीं लाविलीं, हा त्यांचा मोठा उपकार होय. त्यांच्या ग्रंथांत पान उलटलें कीं कारभाराची वाटचाल दिसते : कोणत्या वर्षीं कोणती टांकसाळ उघडली, कोणती बंद पडली, कोणत्या प्रसंगीं कोणती घोषणा नाण्यावर आली, हें क्रमानें उलगडतें. ग्रंथकारांनीं नाण्यापुढें किंमत न घालतां सामान्य, विरळ, दुर्मिळ अशा दर्जांचीं चिन्हें घातलीं. तथापि आमचा एक आक्षेप आहे. हीं चिन्हें मुख्यतः मोठ्या संग्रहालयांतील प्रतींवरून ठरविलेलीं आहेत. आणि संग्रहालय हें शेतजमिनीचें चित्र नव्हें. संग्रहालयाचा अधिकारी एका प्रकारच्या शंभर प्रती ठेवीत नाहीं; तो प्रत्येक प्रकाराची एक-दोन प्रती ठेवून नवा प्रकार शोधतो. त्यामुळें जमिनींत विपुल असलेलें नाणें कपाटांत थोडें दिसतें व जमिनींत विरळा सांपडणारें कपाटांत त्याच्या बरोबरीला येतें. दर्जाचें चिन्ह हें कपाटांतील दुर्मिळता सांगतें. लोकांच्या हातांतून त्या काळीं कोणतें नाणें किती फिरत होतें हें सांगत नाहीं. व्यापारी मात्र त्या चिन्हाचाच आधार घेऊन भाव चढवितात.

चौथ्या शतकांतील लहान नाण्यांच्या बाबतींत ओळखीचें काम अधिक बिकट होतें. डायोक्लीशियननें इ. स. २९४ च्या सुमारास सुमारें १० ग्रॅम वजनाचें नवें नाणें पाडलें. पुढें तें इतक्या वेगानें हलकें झालें कीं पाव शतकांत त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा उरला. ह्या काळांतील नाण्यांचीं चित्रें थोडीं व टांकसाळी पुष्कळ. म्हणून आडव्या रेघेखालीं कोरलेलीं टांकसाळीचीं अक्षरें हीच खरी किल्ली. 'पी. एल. एन.' म्हणजे लंडन व 'पी. एल. जी.' म्हणजे लुग्दुनम, आजचें लिआँ. शेवटचें अक्षर घासलें असतां लेखाची ठेवण व मुखवट्याची धाटणी पाहिल्याशिवाय दोहोंतील निवाडा करतां येत नाहीं. आणि लंडनची टांकसाळ इ. स. ३२५ च्या सुमारास बंद झाली असल्यामुळें त्यानंतरच्या प्रकारावर लंडनचें नांव घालणें हा उघड प्रमाद होय. दुसरें उदाहरण याहून बोधप्रद आहे. कॉन्स्टंटाइनच्या कारकीर्दींत गॉलमधील आर्ल शहरास 'कॉन्स्टंटिना' हें नांव मिळालें व तेथील नाण्यांवर 'कॉन्स्ट' अशीं अक्षरें येऊं लागलीं. कॉन्स्टंटिनोपलच्या नाण्यांवर 'कॉन्स' व पुढें ग्रीक अंक असतो. एका 'टी' ची दखल न घेतल्यास ऱ्होन नदीकांठचें नाणें बॉस्फरसच्या कांठीं जातें. बाजारांत दोन्ही नाण्यांचा भाव जवळजवळ सारखाच. म्हणून विक्रेत्यास ही चूक सुधारण्याची निकड नसते. पण व्यापाराचे मार्ग शोधणाऱ्या इतिहासकारास ह्या एका अक्षरानें निराळ्या देशांत नेऊन सोडलें असतें. कार्सन, हिल व केंट ह्यांनीं सन १९६० मध्यें ह्या उत्तरकालीन नाण्यांची जी सूची प्रसिद्ध केली, तिनें हें काम सुकर केलें. ती प्रत्येक संग्राहकाजवळ असावी.

आतां सीअर ह्यांचा ग्रंथ. वर्णन नेटकें, छायाचित्रें पुष्कळ, पदव्यांचें व देवतांचें स्पष्टीकरण नवशिक्यास कळेल असें. ह्या गुणांमुळें त्याचा प्रसार झाला व तो योग्यच झाला. परंतु ग्रंथाच्या नांवांतच 'मोल' हा शब्द आहे, आणि त्या शब्दानें जें वचन दिलें तें ग्रंथ पाळूं शकत नाहीं. पहिल्या खंडांतील किंमती सन २००० च्या, पांचव्यांतील सन २०१४ च्या. म्हणजे एकाच मालेंतील दोन आंकडे शेजारीं ठेवून तुलना करूं म्हटलें तर ती तुलनाच खोटी ठरते. दुसरें असें कीं, एकाच ठशाच्या दोन सेस्टर्शियसांत राप, कड, मुखवट्याची स्पष्टता व ठसा मध्यावर बसला कीं बाजूला सरला ह्यांवरून भावांत दसपटीचेंहि अंतर पडूं शकतें. छापील आंकडा ह्यांतील कोणतें नाणें बोलत आहे, हें वाचकानें अनुभवानेंच ओळखावें लागतें. ज्यास तो अनुभव आहे त्यास आंकड्याची गरज नाहीं, आणि ज्यास नाहीं त्याची आंकड्यानें फसगत होते.

ह्या आंकड्यांचा खरा उपद्रव नाण्याच्या अंगावर दिसतो. किंमत प्रतीवर अवलंबून आहे असें एकदां ठरलें कीं प्रत सुधारण्याचे उद्योग सुरू होतात. झिजलेल्या केसांच्या बटा पोलादी सुईनें पुन्हां कोरावयाच्या, खडबडीत पार्श्वभूमि खरडून गुळगुळीत करावयाची, आम्लांत बुडवून राप काढावयाची आणि उघड्या पडलेल्या धातूवर रंगाचा कृत्रिम थर चढवावयाचा, हे प्रकार मोठ्या पितळी नाण्यांवर फार झाले आहेत. निर्भेळ बनावटीची परंपराहि जुनी आहे. पादुआ येथील जोव्हान्नी दा काव्हिनो (१५०० ते १५७०) ह्यानें रोमन धर्तीचीं जीं सुंदर पदकें घडविलीं, तीं व त्यांवरून ओतलेल्या नकला अद्याप सेस्टर्शियस म्हणून पुढें येतात. ओतीव नाण्याच्या कडेला सांध्याची रेघ किंवा ती घासल्याची खूण, पृष्ठावर बारीक फोड व खळगे, आणि अक्षरांच्या मुळाशीं मऊ, गोलसर कडा दिसतात. ठोकलेल्या नाण्याचीं अक्षरें धारदार असतात व त्यांच्या भोंवतीं धातु वाहिल्याच्या रेषा दिसतात. हस्तलिखितांच्या संग्राहकांस हें नवें वाटणार नाहीं. पुष्पिकेंतील शक खरवडून दोनशें वर्षें मागें नेलेली पोथी ज्यानें पाहिली आहे, त्यास कोरून उठविलेला मुखवटा कां ओळखूं यावा हें निराळें सांगणें नको.

मोल ह्या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो तिन्ही ग्रंथांत मागें पडला आहे : त्या नाण्यास त्याच्या काळीं काय मिळत असे? पाँपेई येथील एका मद्यालयाच्या भिंतीवरील लेखावरून एका आसाला साधें मद्य, दोहोंना त्याहून चांगलें व चार आसांना फालर्नियन मिळत असे, असें कळतें. ऑगस्टसच्या सैनिकाचा वार्षिक पगार २२५ डिनेरियस, म्हणजे ९०० सेस्टर्शियस होता. दिवसाला सुमारें दहा आस पडत. आमच्या मतें आसाच्या वर्णनाशेजारीं हा आंकडा असणें लिलांवांतील भावापेक्षां अधिक उपयुक्त आहे. कारण हा आंकडा शिळा होत नाहीं.

इतिहासाच्या दृष्टीनें नाण्याचें मोल कशांत असतें, ह्याचें उत्तम उदाहरण इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत फ्रोम गांवाजवळ एप्रिल २०१० मध्यें सांपडलेला ठेवा होय. एका मोठ्या मडक्यांत ५२,५०३ नाणीं, वजन सुमारें १६० किलो. बहुतेक तिसऱ्या शतकांतील हलक्या धातूचीं. ज्यास तें सांपडलें त्यानें मडकें उपसलें नाहीं. पुरातत्त्वज्ञांस बोलाविलें, आणि त्यांनीं नाणीं थराथरानें उचलून प्रत्येक थर निराळा ठेविला. ठेव्यांत कारॉशियस ह्या ब्रिटनमधील बंडखोर सम्राटाचीं (इ. स. २८६ ते २९३) सातशेंहून अधिक नाणीं निघालीं, व त्यांपैकीं फार मोठा भाग मडक्याच्या निम्म्याहून खालीं होता. अलीकडचीं नाणीं खालीं व जुनीं वर, ह्याचा अर्थ मडकें वर्षानुवर्षें पुंजी टाकून भरलेलें नव्हतें. तें एकाच वेळीं भरलें गेलें. ह्यावरूनच हा ठेवा बचतीचा नसून देवतेस अर्पण केलेला असावा, असा तर्क अभ्यासकांनीं मांडला. तो तर्क कोणी मानो वा न मानो, तो मांडतां आला तो थर शाबूत राहिले म्हणून. सन २०११ मध्यें हा ठेवा ३,२०,२५० पौंडांस सार्वजनिक संग्रहालयासाठीं घेण्यांत आला. सरासरी काढली तर नाण्यामागें सुमारें सहा पौंड. कारॉशियसचे पांच चांदीचे डिनेरियस वेचून बाकीचीं टोपलींत ओतलीं असतीं, तर भाव फारसा उतरला नसता. इतिहास मात्र सर्व गेला असता.

कायद्यानेंहि पूर्वीं हीच धातूची व किंमतीची दृष्टि ठेविली, हें नमूद करण्यासारखें आहे. इंग्लंडांतील सन १९९६ च्या कायद्यांत सोन्या-चांदीचीं दोन नाणीं एकत्र सांपडलीं तरी ठेवा धरला गेला. हलक्या धातूचीं असतील तर दहा हवींत. आपल्याकडील सन १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्यांत दहा रुपयांहून अधिक मोलाचें धन कलेक्टरास कळविण्याचें बंधन घातलें गेलें. म्हणजे एकटें तांब्याचें नाणें जेथें सांपडलें त्या शेताची साक्ष कायद्यानें मागितली नाहीं. ती संग्राहकानें आपल्या विवेकानें जपली पाहिजे. सुट्या नाण्यांची साक्षहि क्षुल्लक नसते. रिचर्ड रीस ह्यांनीं ब्रिटनमधील अनेक स्थळांवर सांपडलेलीं अशीं टाकाऊ नाणीं कालखंडवार मोजून एका स्थळाची दुसऱ्याशीं तुलना केली, आणि वस्तीचा चढउतार त्या मोजणींतून दाखविला.

आपल्या देशाशीं ह्या विषयाचा संबंध दोन ठिकाणीं येतो. भरुकच्छाच्या बंदरीं रोमन सोन्याचांदीचें नाणें आणल्यास देशी नाण्याशीं बदलतांना नफा होतो, असें 'पेरिप्लस' ह्या ग्रीक ग्रंथांत नमूद आहे. तांब्याचा तेथें उल्लेख नाहीं. तेर येथें रोमन नाण्यांच्या मातींतील प्रतिकृति मिळाल्या आहेत. तेव्हां महाराष्ट्राच्या बाजारांत रोमन तांब्याचें नाणें विक्रीस आलें तर तें येथल्या मातींतलें असें गृहीत न धरतां, अलीकडे परदेशांतून आलेलें असावें, असा संशय प्रथम धरावा. दक्षिणेंतील गोष्ट निराळी. सेवेल ह्यांनीं सन १९०४ मध्यें भारतांतील रोमन नाण्यांची यादी केली तेव्हांपासून तिकडील तांब्याचीं नाणीं अभ्यासकांस ठाऊक आहेत. आणि करूर, मदुरा व तिरुक्कोयिलूर येथील उत्तरकालीन रोमन ताम्रनाण्यांवर कृष्णमूर्ति ह्यांचा ग्रंथ सन १९९४ मध्यें निघाला. सिंहलद्वीपांत हीं नाणीं हजारोंनीं मिळतात, व त्यांच्या स्थानिक नकलाहि मिळतात. युरोपच्या बाजारांत अशीं झिजलेलीं, कापलेलीं, नकली नाणीं कवडीमोल. पण त्यांवर 'करूर' हा शब्द खरेपणानें लिहिलेला असेल तर तीं आमच्या इतिहासाचीं साधनें होत.

ह्यावर एक आक्षेप घेतला जाईल, व तो न्याय्य आहे. किंमत नसती तर हीं नाणीं टिकलींच नसतीं. तांबटाच्या मुशींत गेलीं असतीं, जशा आमच्याकडे हजारों शिवराया गेल्या. कोहेन व सीअर ह्यांच्या किंमतींनीं क्षुद्र तांब्याकडे लोकांचें लक्ष वेधलें व तें जपलें गेलें, हें आम्ही मान्य करतों. परंतु जपणें म्हणजे केवळ न वितळविणें नव्हें. रुमालांतून सुटलेला कागद जळाला नाहीं म्हणून तो वांचला असें संशोधक म्हणत नाहीं. तो कोणत्या रुमालांतला हें ठाऊक असेल तरच तो वांचला. किंमतीनें नाण्याची चकती वांचविली. तिचें ठिकाण वांचविणें हें ओळखीचें काम आहे, आणि म्हणून ओळख आधीं व मोल मागून, हाच क्रम धरला पाहिजे.

सारांश, कोहेन हा लेख शोधण्यास, मॅटिंगली-सिडनहॅम व त्यांच्या मागून आलेले संपादक हे काळ व टांकसाळ ठरविण्यास, आणि सीअर हे नवशिक्याचा हात धरण्यास उपयुक्त आहेत. दुसऱ्या ग्रंथाचे कांहीं खंड नव्या संशोधनाप्रमाणें पुन्हां लिहिले गेले आहेत. पहिला सन १९८४ मध्यें सुधारून निघाला, व व्हेस्पेशियन ते डोमिशियन ह्यांचा भाग सन २००७ मध्यें. जुन्या खंडांतील क्रमांक देतांना आवृत्तीचें वर्ष अवश्य लिहावें. संग्राहकांनीं आपल्या नोंदवहींत धातु, वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा लेख जेवढा दिसतो तेवढाच, टांकसाळीचीं अक्षरें, ग्रंथाचा क्रमांक आणि सांपडल्याचें ठिकाण, इतके रकाने आंखावे; ठिकाण ऐकीव असेल तर कोणाकडून ऐकिलें तें लिहावें. किंमतीचा रकाना ठेवावयाचाच असेल तर तो शेवटीं ठेवावा व पेन्सिलीनें भरावा, बाकीचे शाईनें.